ओह्रिड (उत्तर मॅसिडोनिया): आईबाबांना घेऊन जावं का?

अनवट_वाट
नमस्कार मंडळी. मी व्हिएन्नात राहते. जूनमध्ये आईबाबा सांगलीहून येताहेत. इथलं जवळपासचं सगळं त्यांचं मागच्या खेपेला बघून झालंय. नवरा म्हणतो क्रोएशियाचा किनारा करू. माझ्या डोक्यात मात्र ओह्रिड बसलंय. तळ्याकाठचं जुनं गाव, चर्चेस, आणि क्रोएशियाच्या मानाने खर्चही बराच कमी दिसतोय.

अडचणी अशा. आईचे गुडघे दुखतात आणि गाव चढाउताराचं आहे म्हणे. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बाबांना मासे लागतात, चर्च-बिर्च दोन बघितली की तिसऱ्याला ते बाहेर बाकावर बसतात. चार रात्री तिथे काढण्याइतकं काही आहे का, की एका दिवसात आटपतं? कुणी गेलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

खडूस_काका
एका दिवसात आटपतं. एक कानेओचं चर्च, ज्याचा फोटो सगळे टाकतात, एक किल्ला, एक बाजार. बाकी तळं म्हणजे पाणी. माँटेनेग्रोतल्या कोटोरला जा.

मुक्कामपोस्ट
काका, तुम्ही बसमधून उतरून परत बसमध्ये बसणाऱ्यांपैकी दिसता. :)

अनवट_वाट, बिनधास्त जा. चार रात्री कमी पडतील असं नाही म्हणणार, पण त्या कंटाळवाण्या नक्की होणार नाहीत. गुडघ्यांचं आधी सांगते, कारण माझ्याबरोबर सासूबाई होत्या. जुन्या गावात खालून वर चढायचंच नाही. टॅक्सीने सरळ वरच्या वेशीपाशी जायचं, तिला 'गोर्ना पोर्ता' म्हणतात. तिथून सगळा उतार. वेशीच्या आतच पेरिब्लेप्टोस चर्च आणि समोर आयकॉन चित्रांचं दालन. मग खाली प्राचीन नाट्यगृह, बाजूला वळून प्लाओश्निक (जुन्या चर्चचं, उत्खननाचं ठिकाण), तिथून झाडीतून कानेओ. कानेओहून परत यायला पाण्यावर बांधलेला लाकडी पूल आहे, कड्याच्या पोटाला लागून जातो, एकही पायरी नको असेल तर होडीवाले धक्क्यावर सोडतात. फक्त दगडी फरसबंदी गुळगुळीत झालीय, पाऊस पडून गेला असेल तर चपला नकोत, बूटच.

शेवभाजी
शाकाहारी लोकांसाठी एकच शब्द पाठ करा: पोस्नो. ऑर्थोडॉक्स लोकांच्या उपासाचं जेवण. त्यात मांस, अंडी, दूधदुभतं काहीच नसतं. हॉटेलात 'व्हेजिटेरियन' म्हटलं की कधी कधी चिकनचं सूप येतं, पोस्नो म्हटलं की वेटरला बरोब्बर कळतं. (काही ठिकाणी पोस्नोमध्ये मासे चालतात, तेवढं विचारून घ्या.)

तावचे ग्रावचे हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ. पांढऱ्या मोठ्या घेवड्याचे दाणे शिजवून, कांदा, तेल, लाल मिरचीची पूड घालून मातीच्या पसरट भांड्यात भट्टीत भाजतात. वर खरपूस साय धरते. सांगलीकरांना आपली उसळच वाटेल, फक्त तिखट कमी. कुठे कुठे त्यात धुरावलेलं मांस टाकतात, ऑर्डर देताना विचारा. आयवार म्हणजे भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांची चटणी, ती पावाला लावून आई दोन वेळा जेवेल. शोप्स्का सॅलडवर चीज किसून येतं. आणि बुरेक (सारण भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ) घेताना चीजचं की पालकाचं ते नीट सांगा, नाहीतर खिम्याचं हातात पडतं.

पाणवठा
'बाकी तळं म्हणजे पाणी' हे वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून वाचनमात्र अवस्थेतून बाहेर आलो.

काका, जगातली बहुतेक तळी काही हजार वर्षांत गाळाने भरून संपतात. ओह्रिडचं तळं जमीन खचून तयार झालेलं आहे आणि अजून खचतंय, त्यामुळे भरत नाही. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या तळात साडेपाचशे मीटरांहून खोल भोक पाडून गाळ काढला, त्यावरून वय निघालं सुमारे १३ लाख ६० हजार वर्षं. युरोपातलं सर्वांत जुनं तळं म्हणतात ते यामुळे. खोली जवळपास २९० मीटर. इतका काळ एकाच जागी पाणी राहिल्यामुळे इथे गोगलगायींपासून ट्राउटपर्यंत दोनशेहून अधिक जाती अशा आहेत, ज्या दुसरीकडे कुठेही नाहीत.

आणि पाणी येतं कुठून, ते बघायला संत नाउमच्या मठात जा. डोंगरापलीकडे प्रेस्पा नावाचं दुसरं तळं आहे, ते दीडशेएक मीटर उंचावर. मधला गालिचित्सा डोंगर चुनखडीचा, आतून पोकळ. प्रेस्पाचं पाणी डोंगराच्या पोटातून झिरपत येतं आणि नाउमपाशी झऱ्यांनी वर येतं. तिथे वल्ह्याची होडी मिळते. नावाडी मध्येच वल्ही थांबवतो आणि खाली बघा म्हणतो. तळाशी वाळू उकळी फुटल्यासारखी हलत असते, पाण्याचा एकेक कोंब वर येताना स्पष्ट दिसतो. पाणी इतकं नितळ की खोलीचा अंदाजच लागत नाही, हात घातला तर पार गारठतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीचं प्रेक्षणीय स्थळ नसेल, बसूनच बघायचं.

खडूस_काका
बरं बाबा, तळं म्हणजे पाणी आणि गोगलगायी.

घाटमाथा
पाणवठा, भारी प्रतिसाद. लिहीत जा हो.

नाउमबद्दल भर: मठ इ.स. ९०५ च्या आसपासचा, स्वतः नाउमने स्थापलेला. त्याची समाधी आत एका छोट्या खोलीत आहे. दगडाला कान लावला की संताच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात अशी श्रद्धा. मीही लावला. मला माझेच ऐकू आले असावेत, पण मागे रांगेत उभ्या बाई डोळे पुसत होत्या, म्हणून काही बोललो नाही. आवारात मोर मोकळे फिरतात. पर्यटकांना वैतागून ओरडत असतात.

ओह्रिडहून नाउम तीसएक किलोमीटर. बसने लवकर होतं, पण उन्हाळ्यात सकाळी बोट सुटते, तिनेच जा. वाटेत 'हाडांचा उपसागर' लागतो. नावावर जाऊ नका, प्राचीन काळी पाण्यात खांब रोवून वसवलेल्या वस्तीची प्रतिकृती आहे, पाण्याखाली खऱ्या वस्तीचे खांब आणि प्राण्यांची हाडं सापडली म्हणून ते नाव.

तळटीप
बाबांना तिसऱ्या चर्चबाहेर बसवणार असाल तर निदान पहिली दोन नीट निवडा. माझ्या मते ती सेंट सोफिया आणि पेरिब्लेप्टोस. कानेओचं बाहेरून बघायचं असतं, आत फारसं काही उरलेलं नाही.

सोफिया अकराव्या शतकातलं. ऑटोमन काळात तिची मशीद झाली, भिंतींवरची चित्रं चुन्याने झाकली गेली. त्या चुन्यानेच ती वाचवली. विसाव्या शतकात चुना खरवडल्यावर खालून निळ्या पार्श्वभूमीवरचे संत पुन्हा बाहेर आले, काही चेहरे अर्धेच.

पेरिब्लेप्टोस १२९५ चं. मिखाइल आणि युतिखिओस या दोन चित्रकारांनी रंगवलं, आणि आपली नावं चित्रातल्या योद्धा-संतांच्या तलवारीवर आणि वस्त्रांच्या कडांवर बारीक अक्षरांत दडवून ठेवली. शोधायला मजा येते, तिथल्या बाईंना विचारलं तर बोटाने दाखवतात. ख्रिस्ताचं शव मांडीवर घेऊन विलाप करणारं जे चित्र आहे, त्याच्यासमोर थांबा. केस उपटणाऱ्या बायका, शुद्ध हरपून मागे कलंडलेली मेरी. इटलीच्या जॉत्तो या थोर चित्रकाराने पादुआत भिंती रंगवल्या त्या यानंतर दहाएक वर्षांनी. बायझंटाइन चित्रं म्हणजे ताठ, निर्विकार माणसं असं कुणी म्हणालं की मी त्याला हे चित्र सांगतो. आत फोटो काढू देत नाहीत, ते उत्तमच.

दुपारची_झोप
३६५ चर्च आहेत म्हणतात ना? रोज एक?

तळटीप
म्हणतात. पर्यटन खात्याला सोयीचा आकडा आहे. आपल्याकडे तेहतीस कोटी आहेत, आपण काय बोलणार.

सरळमार्गी
प्लाओश्निकला उत्खननात निघालेल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातल्या मोझेक फरशीवर चक्क स्वस्तिक आहे! मी स्वतः बघितलं. याचा अर्थ आपले लोक तिथवर गेले होते. यावर कुणी लिहीत का नाही?

तळटीप
लिहितात की. रोमन मोझेकमध्ये स्वस्तिक सर्रास आढळतं, सीरियापासून ब्रिटनपर्यंत. भौमितिक नक्षी म्हणून चार काटकोनी हात कुणालाही सुचू शकतात.

सरळमार्गी
सुचले मात्र आपल्यालाच आधी.

खडूस_काका
आला, धागा वळणावर आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

मुक्कामपोस्ट
कृपया. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन भांडेन. इथे आईच्या गुडघ्यांवर बोलूया.

बेलग्रेडकर
उशिरा आलो. नोकरीनिमित्त बरीच वर्षं या भागात आहे, म्हणून एक सावधगिरीची सूचना: इतिहासावर गप्पा मारताना जपून. किल्ला झार सामुइलचा, हा माणूस १०१४ मध्ये गेला. मॅसिडोनियात त्याला आपला राजा म्हणतात, बल्गेरियात आपला. हजार वर्षं झाली तरी वाद चालूच, आणि तो नुसता कट्ट्यावरचा नाही, युरोपीय संघातल्या प्रवेशाची वाट त्यापायी अडलीय. देशाचं नावही ग्रीसशी तडजोड करून २०१९ मध्ये बदललं. तिथल्या माणसाशी बोलताना 'मॅसिडोनिया' एवढंच म्हणा, खूश होतात.

लिपीचंही तेच. स्लाव्ह लोकांत ख्रिस्ती धर्म नेणाऱ्या सिरिल आणि मेथोडियस या भावांचा शिष्य क्लिमेंट ८८६ नंतर इथे आला, प्लाओश्निकला त्याने विद्यापीठासारखं गुरुकुल चालवलं, हजारो शिष्य घडवले म्हणतात. गाईड छातीठोक सांगतो की सिरिलिक लिपी इथेच जन्मली. बरेच अभ्यासक ते श्रेय बल्गेरियातल्या प्रेस्लावला देतात, ओह्रिडमध्ये जुनी ग्लागोलितिक लिपीच पुढे बराच काळ चालली. गाईडशी वाद घालू नका, ऐकून घ्या. जेवण उशिरा मिळेल.

शेवभाजी
ग्योमलेझे राहिलं! ओह्रिडची खासियत, राजधानी स्कोप्येत शोधूनही मिळत नाही. पीठ, पाणी, मीठ, बस्स. पातळ पीठ तव्यावर चमच्याने रेघा ओढल्यासारखं घालतात, वरून निखारे ठेवलेलं घुमटाकार झाकण. रेघा भाजल्या की मधल्या फटींत दुसरा थर, मग तिसरा. असं करत करत तीन-चार तास. मी ज्या घरी बघितलं तिथल्या आजी सारखं झाकण उचलून नाक खुपसत होत्या, घड्याळाकडे ढुंकूनही नाही. करायला इतका वेळ लागतो की बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं. दह्याबरोबर खातात. आईंना चालेल.

कोळंबीफ्राय
बाबांच्या माशांचं कुणी बोलेना म्हणून मी आलो. ओह्रिडचा खास ट्राउट हॉटेलवाले आग्रहाने देतील. बेसुमार मासेमारीने तो संपत चालला होता, मध्ये काही वर्षं पकडायला पूर्ण बंदी होती. आज ताटात येतो तो बहुधा पाळलेला. चव छान, पण तळ्यातला म्हणून दुप्पट भाव सांगितला तर हसून पुढे जा. बाबांना प्लाशित्सा खायला द्या. बोटाएवढा चंदेरी मासा, कुरकुरीत तळून ढिगाने मिळतो.

याच माशाच्या खवल्यांपासून ओह्रिडचे मोती करतात. शिंपल्याच्या चकतीतून मणी कापायचे आणि खवल्यांच्या लेपाचे थरावर थर द्यायचे. लेपाचं गुपित दोनच घराण्यांकडे आहे, मुलांनाच सांगतात. मुख्य रस्त्यावर 'ओह्रिड मोती'च्या पाट्या पावलोपावली, त्यात प्लॅस्टिकचेही असतात. घ्यायचेच तर त्या घराण्यांच्या दुकानातून पावतीसकट घ्या.

दुपारची_झोप
म्हणजे बाबा मासा खाणार आणि आई त्याचेच खवले गळ्यात घालणार. संसार!

अनवट_वाट
हाहा. आईला हे सांगणारच नाही, मोती म्हणून देईन.

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी. मोजक्या प्रतिसादांची अपेक्षा होती. एक विचारायचं होतं, स्ट्रुगा जवळच दिसतंय नकाशात. जाण्यासारखं आहे?

घाटमाथा
पंधराएक किलोमीटर. तळ्यातून काळी द्रिन नदी तिथून बाहेर पडते, गावाच्या मधोमध, हिरवीगार आणि वेगाने. पुलावर उभं राहून बघायचं, काठावर कॉफी प्यायची, परत यायचं. अर्धा दिवस.

तळटीप
अहो, स्ट्रुग्याची एवढ्यावर बोळवण नको. १९६२ पासून तिथे दर उन्हाळ्याच्या शेवटी कवितेचा उत्सव भरतो, जगभरचे कवी येतात, द्रिनवरच्या पुलावर उभं राहून वाचतात आणि गाव दोन्ही काठांवर बसून ऐकतं. त्यांचा 'सुवर्णमुकुट' हा मोठा सन्मान. १९८३ मध्ये तो आपल्या अज्ञेयांना मिळाला होता.

खडूस_काका
अज्ञेय हिंदी. मराठी कवी पाठवले असते तर माईकसाठी भांडण लागून दोघे-तिघे नदीत पडले असते.

तळटीप
हे मात्र खरं. काका, पहिल्यांदा सहमत.

पाणवठा
एक कटू बाजूही लिहितो, रागावू नका. युनेस्कोने १९७९ मध्ये तळ्याला नैसर्गिक वारसा म्हणून आणि १९८० मध्ये गावाला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, २०१९ मध्ये अल्बानियाकडचा भागही जोडला. पण काठावर बेकायदा बांधकामं इतकी झाली की 'धोक्यातला वारसा' यादीत टाकण्याची वेळ आली होती, मुदतीवर मुदत मिळत गेली. सतेस्का नावाची नदी १९६२ मध्ये वळवून तळ्यात सोडली, ती अजून गाळ आणि शेतातलं खत आणून ओततेय. गावाला लागून स्टुदेंचिश्ते नावाची पाणथळ जागा आहे, पाणी गाळून देणारी, तिचाही बराच भाग भरावाने गेला. तळ्यातलं पाणी पूर्ण बदलायला सत्तरएक वर्षं लागतात, म्हणजे आज पडलेली घाण नातवंडांपर्यंत पुरणार. जुलै-ऑगस्टमधली गर्दी, रात्रभर दणदणणारे बीच बार, ढीगभर वेगवान बोटी, यात आपण भर घालायची का हा प्रश्न मला पडतो. जून त्यातल्या त्यात बरा.

मुक्कामपोस्ट
पटलं. आणि राहायला काठावरचं नवं काँक्रीट हॉटेल घेण्यापेक्षा जुन्या गावातलं घर घ्या. वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, पांढऱ्या भिंती, काळ्या लाकडाच्या चौकटी. रोबेव कुटुंबाचं घर आता संग्रहालय आहे, ते बघितलंत की ही घरं आतून कशी होती ते कळेल. फक्त बुक करताना गाडी दारापर्यंत येते का हे विचारा, नाहीतर बॅगा घेऊन चढण लागेल आणि आईंच्या गुडघ्यांबरोबर तुमचेही जातील.

खडूस_काका
आता खरं सांगतो. एका दिवसात आटपतं हे तरुणांसाठी. म्हातारी माणसं बरोबर असतील तर चार रात्रीच ठेवा. सकाळी दहापर्यंत एक जागा बघायची, दुपारी झोपायचं, संध्याकाळी धक्क्यावर जायचं. सगळं गाव तिथे फेऱ्या मारायला येतं, आजीआजोबांपासून तान्ह्या पोरांपर्यंत. चौकातल्या चिनार वृक्षाखाली बसायला जागा आहे, तो झाडोबा नऊशे वर्षांचा सांगतात. बाबांना तिथे सोडा. मी बसलो होतो, शेजारच्या गृहस्थाला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची नाही, तरी युगोस्लाव्हिया, नेहरू, टिटो आणि राज कपूर एवढ्या चार नावांवर तासभर गेला.

बेलग्रेडकर
काका विरघळले. धागा यशस्वी.

दुपारची_झोप
+१. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

अनवट_वाट
ठरलं. नवऱ्यालाही हा धागा वाचायला दिला, तो आता ग्योमलेझेवर अडून बसलाय. जूनचा दुसरा आठवडा, चार रात्री, जुन्या गावात. परतताना नाउमवरून सीमा ओलांडून अल्बानिया आणि तिरानाहून विमान, असं डोक्यात आहे. आईबाबांना वेगळा व्हिसा काढावा लागेल का? आणि सीमा पायी ओलांडता येते का?

बेलग्रेडकर
व्हिसा कोणता आहे त्यावर ठरेल. अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा असेल तर उत्तर मॅसिडोनियात थोड्या दिवसांसाठी वेगळा लागत नाही. अल्बानियाही तो मानतो, पण त्यावर शेंगेनमध्ये आधी प्रवेश झालेला हवा, तो व्हिएन्नात होईलच. नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांच्या साइटवर बघा. सगळ्यात महत्त्वाचं: व्हिसावर प्रवेशांची संख्या 'एक' असेल तर हा बेतच सोडा. ऑस्ट्रियातून बाहेर पडलात की तो संपला, तिरानाहून व्हिएन्नाच्या विमानात बसू देणार नाहीत.

सीमा पायी ओलांडता येते, मठापासून नाकं जवळ आहे. पलीकडे पोग्रादेच काही किलोमीटरवर, टॅक्सीवाले असतात, पण बॅगा आणि गुडघे बघता ओह्रिडहूनच तिरानापर्यंत गाडी ठरवा, हॉटेलवाले ठरवून देतात. ती स्ट्रुग्याच्या बाजूच्या नाक्याने जाईल, तिरानाला जायला तोच रस्ता सोयीचा. म्हणून नाउम वेगळं, सावकाश करा.

मुक्कामपोस्ट
स्वतः भाड्याने गाडी घेतलीत तर सीमा ओलांडायची लेखी परवानगी आणि विम्याचं ग्रीन कार्ड कंपनीकडून गाडी ताब्यात घेतानाच मागा. नाक्यावर ते आधी बघतात. आणि देनार (तिथलं चलन) थोडे जवळ ठेवा, एका युरोला साठ-एकसष्ट मिळतात. हॉटेलवाले युरो घेतात, पण बुरेकवाल्या आणि होडीवाल्याकडे सुट्टे लागतात.